शिंजिराच्या ऊर्जेचा जमाखर्च : धायटीच्या फुलोऱ्यावर मोजायची रीत

आठ ग्रॅम वजनाचा जांभळा शिंजीर दिवसभरात स्वतःच्या वजनाइतका, कधी त्याहून जास्त मकरंद पितो. हे आपल्या जवळच्या टेकडीवर तपासून पाहता येते आणि त्यासाठी पक्षी पकडावा लागत नाही. किती ऊर्जा आत आली ते फुलांवरून मोजायचे, किती खर्च झाली ते पक्ष्याच्या वेळेवरून काढायचे आणि दोन्ही आकडे ज्यूलमध्ये समोरासमोर मांडायचे. बहुतेक जण फुलांची बाजू जीव ओतून मोजतात आणि वेळेची बाजू अंदाजाने भरतात. खरा खर्च मात्र वेळेतच दडलेला असतो, म्हणून या मार्गदर्शनात सगळ्यात जास्त जोर तिथे दिला आहे.

जागा आणि पक्षी

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सह्याद्रीच्या उतारांवर धायटी लाल फुलांनी लगडते. झुडूप कमरेइतके ते डोक्याएवढे असल्याने फुलांपर्यंत हात पोचतो, शिडी लागत नाही. पळस, पांगारा, काटेसावर यांवरही शिंजीर येतात, पण तिथे फुले उंचावर असतात आणि मैना, कावळे, कोतवाल यांची इतकी गर्दी असते की कोणत्या फुलातून कोण किती प्यायले हे समजत नाही.

एकच नर निवडा. विणीच्या पिसाऱ्यातला चमकदार नर लांबूनही ओळखू येतो. आजूबाजूच्या शिंजिरांना हुसकावून एका झुडूपसमूहावर ठाण मांडणारा नर मिळाला तर उत्तम, कारण त्याचे बहुतेक खाणे तुमच्या नजरेच्या टप्प्यात होते. मादी निवडू नका. घरटे बांधणे आणि अंडी उबवणे ही कामे तीच करते, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. जवळपास कुणी साखरपाण्याची बाटली टांगली असेल तर ती जागा सोडा. तिथून प्यायलेले तुमच्या वहीत येणार नाही.

अभयारण्यात किंवा राखीव वनात फुलांना पिशव्या बांधायच्या असतील तर आधी वनविभागाची परवानगी घ्या. पक्षी जाळ्यात पकडून वजन करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला परवाना लागतो आणि या कामाला ८ ग्रॅम हे धरलेले वजन पुरते.

साहित्य

८×४२ ची दुर्बीण, आवाज नोंदवणारा फोन, किमान-कमाल तापमापक, मिलिमीटरची पट्टी, ५ मायक्रोलिटरच्या काचेच्या केशनळ्या (प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात), मच्छरदाणीच्या कापडाच्या वीतभर पिशव्या, सुती दोरा आणि ०–३२ ब्रिक्सचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची गोडी बघायला वापरतात तोच.

रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा. मग २० ग्रॅम साखर ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून त्याचा थेंब टाका. वाचन २० आले पाहिजे. इथे हमखास चूक होते : २० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात घातली की द्रावण १६.७ ब्रिक्सचे होते आणि माणूस चांगल्या उपकरणाला दोष देतो. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणातली साखर, १०० मिली पाण्यातली नव्हे.

मकरंद मोजणे

दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या आहेत. फूल चोवीस तासांत किती मकरंद तयार करते, ही पहिली. पक्षी येतो त्या क्षणी फुलात प्रत्यक्ष किती असतो, ही दुसरी. पहिलीसाठी फुलांना पिशवी बांधून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. दुसरीसाठी न झाकलेली फुले घ्या. पक्ष्याची कमाई दुसऱ्या आकड्यावरून निघते. पहिल्या आकड्यावरून ती काढली तर शिंजीर कागदावर फुकटचा श्रीमंत होतो, कारण उघड्या फुलांतला बराच मकरंद मधमाश्यांनी आधीच नेलेला असतो.

सकाळी ७, १०, दुपारी १ आणि ४ वाजता, दर वेळी किमान २० फुले, चार-पाच झुडपांवरून घ्या. एकदा मोजलेले फूल त्या दिवशी परत मोजू नका. मकरंद काढून घेतल्यावर काही झाडांची फुले तो पुन्हा भरतात, काहींची भरत नाहीत, आणि दोन्हींमुळे आकडा बिघडतो. केशनळी फुलाच्या तोंडातून तिरकी, हळू आत सरकवा. बुडाशी टोचली तर पेशींचा रस नळीत चढतो आणि मकरंद पातळ दिसतो. नळीची पूर्ण लांबी ३० मिमी असून मकरंदाचा स्तंभ १८ मिमी भरला, तर ५ × १८ ÷ ३० = ३ मायक्रोलिटर.

रिकामी फुलेही शून्य म्हणून लिहा. ही शिस्त फार थोडे जण पाळतात. "काहीच निघाले नाही" म्हणून फूल सोडून दिले की सरासरी फुगते.

साध्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब तरी लागतात, म्हणजे १०० मायक्रोलिटरच्या आसपास. एका फुलातून इतका निघत नाही. एका वेळेच्या सगळ्या फुलांचा मकरंद काचेवर एकत्र करा, झाकण लगेच दाबा आणि सावलीत वाचा. उन्हात मिनिटभर उशीर झाला तरी पाणी उडून वाचन चढते. पहाटे दव पडले असेल तर ७ वाजताचे वाचन खाली येते. ते टाकून देऊ नका, पक्षीही तोच पातळ मकरंद पीत असतो. पिशवी प्लास्टिकची किंवा कागदाची नको, आत दमट होते. आणि पिशवी बांधताना फांदीवर मुंग्या आहेत का ते बघा, नाहीतर रात्रभर तुम्ही मुंग्यांची पंगत राखत बसाल.

ब्रिक्सवरून एका मायक्रोलिटरमधली साखर अशी :
१० ब्रिक्स – ०.१०४ मिलिग्रॅम
१५ ब्रिक्स – ०.१५९
१८ ब्रिक्स – ०.१९३
२० ब्रिक्स – ०.२१६
२५ ब्रिक्स – ०.२७६
३० ब्रिक्स – ०.३३८

एक मिलिग्रॅम साखर जळली की १६.५ ज्यूल मिळतात. मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्यांचे आतडे साखर जवळजवळ सगळी शोषून घेते, म्हणून ९८ टक्के धरा. उदाहरणादाखल फुलात सरासरी ३ मायक्रोलिटर आणि १८ ब्रिक्स निघाले असे समजू. साखर ०.५८ मिलिग्रॅम, पक्ष्याच्या पदरात पडलेली ऊर्जा ९.३६ ज्यूल.

धायटीऐवजी आंब्यावरचे बांडगूळ निवडलेत तर एक फरक ध्यानात ठेवा. बांडगुळाची पिकलेली कळी आपणहून उघडत नाही. शिंजीर किंवा फुलटोच्या तिचे टोक चोचीत दाबतो, तेव्हा फट पडून ती उमलते. म्हणजे सगळ्यात भरलेला मकरंद न उघडलेल्या कळ्यांत असतो. तुम्हीही तशीच कळी बोटांच्या चिमटीत हलकेच दाबून उघडा आणि लगेच नळी लावा. उघड्या फुलांचा वेगळा तक्ता ठेवा. कोकणातले बांडगूळ आणि हे दोन पक्षी यांचे नाते सलीम अली यांनी १९३१ मध्येच मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर मांडले होते.

वेळ मोजणे

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत प्रत्येक तासात किमान एक दहा मिनिटांचे सत्र हवे. एका दिवसात सगळे होणार नाही, आठवड्यात विभागून घ्या, पण एकही तास मोकळा ठेवू नका. सकाळचीच सत्रे घेतली तर पक्षी दिवसभर खातच असतो असे दिसेल. दुपारची रिकामी, सावलीत बसून काढलेली वेळ हाच त्याच्या बचतीचा मोठा भाग असतो.

वहीत लिहायला मान खाली घातली की शिंजीर उडालेला असतो. म्हणून डोळे दुर्बिणीला आणि तोंड फोनला. सतत बोलत राहा : "बसला… फूल… फूल… फूल… उडाला… बसला… पाठलाग… बसला." घरी येऊन ध्वनिमुद्रण ऐकताना सेकंद मोजा. दर पंधरा सेकंदांनी एक नोंद करण्याची पद्धत मोठ्या पक्ष्यांना चालते, शिंजिराला नाही. त्याची बहुतेक उड्डाणे एक-दोन सेकंदांची असतात आणि दोन नोंदींच्या मधे निसटतात. नेमकी तीच सगळ्यात महाग असतात.

चार खाती पुरतात : बसणे (पिसे साफ करणे, गाणे यातच), चरणे (फुलांवर किंवा पानांत किडे शोधत फिरणे), उडणे (पाठलाग आणि फुलापुढे तरंगणे यातच) आणि दिसेनासा. चौथे खाते प्रामाणिकपणे ठेवा. पक्षी दाट पानांत गेला की मन म्हणते, बसला असेल. पण पानांत तो कोळी टिपत असतो. दहा मिनिटांपैकी दोनपेक्षा जास्त मिनिटे दिसला नाही, तर ते सत्र रद्द करून त्याच तासात दुसरे घ्या.

चरण्याच्या वेळात मिनिटाला किती फुलांत चोच घातली तेही मोजा. फुलाच्या बुडाशी भोक पाडून मकरंद चोरला तरी ती भेट मोजायची.

खर्चाचे दर

आठ ग्रॅमच्या पक्ष्याचा पायाभूत चयापचय, म्हणजे उबदार हवेत रिकाम्या पोटी स्वस्थ असतानाचा खर्च, ताशी सुमारे ५०० ज्यूल धरा. त्यावरून :

बसणे – ताशी ९०० ज्यूल
चरणे – ताशी २,००० ज्यूल
उडणे – ताशी ६,००० ज्यूल
रात्र, २६ अंश सेल्सिअस किंवा वर – ताशी ५०० ज्यूल

२६ अंशांखाली प्रत्येक अंशाला ताशी सुमारे ३५ ज्यूल वाढवा. इतका छोटा जीव उष्णता झपाट्याने गमावतो. रात्रीचे तापमान त्याच्या थांब्याच्या उंचीवर, झुडपात मोजा. हवामान खात्याचा शहरातला आकडा टेकडीच्या उतारावर कामाचा नाही.

हे दर अंदाजी आहेत, वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे धरूनच चाला. त्यांचे आपसातले प्रमाण मात्र भरवशाचे आहे. केनियात फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी सोनेरी पंखांच्या शिंजिरावर केलेले काम १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बसण्याचा खर्च ताशी ४०० कॅलरी, चरण्याचा १,००० आणि हद्द राखण्याचा ३,००० कॅलरी धरला होता (एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल). तो पक्षी आपल्या शिंजिराच्या जवळपास दुप्पट वजनाचा, म्हणून आकडे मोठे, पण चढण तशीच.

जमा आणि खर्च समोरासमोर

फेब्रुवारीतला बारा तासांचा दिवस घेऊ : बसणे ७.६ तास, चरणे ३.६, उडणे ०.८. रात्रीचे सरासरी तापमान १६ अंश.

बसणे ७.६ × ९०० = ६,८४०
चरणे ३.६ × २,००० = ७,२००
उडणे ०.८ × ६,००० = ४,८००
रात्र १२ × (५०० + ३५०) = १०,२००
एकूण २९,०४० ज्यूल, म्हणजे २९ किलोज्यूल.

उडण्याला पाऊण तास आणि वर थोडा, तरी दिवसाच्या खर्चातला सहावा हिस्सा तिकडे गेला. रात्री तर पक्षी काहीच न करता एकूण खर्चाचा तिसरा भाग संपवतो. तीच रात्र २६ अंशांची असती तर ४,२०० ज्यूल वाचले असते, म्हणजे साधारण ४५० फुलांचा मकरंद.

जमेची बाजू : ३.६ तास म्हणजे २१६ मिनिटे. मिनिटाला १२ फुले धरली तर २,५९२ भेटी, प्रत्येकी ९.३६ ज्यूल, एकूण २४.३ किलोज्यूल. खर्चापेक्षा ४.८ किलोज्यूल कमी.

अशी तूट आली की लगेच आकडे फिरवू नका. कारणे या क्रमाने तपासा. पक्षी फुले तुमच्यासारखी डोळे झाकून निवडत नाही. नुकतेच रिते केलेले झुडूप तो टाळतो, म्हणून त्याला मिळणारी सरासरी तुमच्या सरासरीपेक्षा चांगली असते. तो ज्या फांदीवर येण्याच्या बेतात आहे तिथलीच फुले मोजून बघा, फरक लगेच दिसेल. दुसरे, किडे. पाच मिलिग्रॅमच्या छोट्या कोळ्यातून पक्ष्याला सुमारे २५ ज्यूल मिळतात, म्हणजे अडीच-तीन फुलांइतके. चरण्याच्या वेळातला कितवा हिस्सा फुलांवर आणि कितवा पानांत जातो हे वेगळे लिहिले असेल, तरच हा तुकडा भरता येतो. तिसरे, तो तुमच्या नजरेआड दुसऱ्या झाडावर जेवतो आहे. चौथे, आणि हे लोक विसरतात, तो दिवस खरोखरच तुटीचा असू शकतो. तेव्हा पक्षी अंगावरची चरबी जाळून रात्र काढतो. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका.

उलट जमा खर्चाच्या दीडपट निघाली तर बहुधा रिकामी फुले शून्य म्हणून लिहिलेली नसतात, किंवा पिशवीतल्या फुलांचा आकडा वापरलेला असतो.

खर्चाचा आकडा पडताळायला आणखी एक सोय आहे. केन नेगी यांनी १९९९ मध्ये मोकळ्या रानातल्या पक्ष्यांच्या मोजमापांवरून सूत्र दिले. चिमणीवर्गातल्या पक्ष्यांसाठी वजनाचा (ग्रॅममध्ये) ०.६८ वा घात घ्या आणि १०.४ ने गुणा, उत्तर दिवसाला किलोज्यूलमध्ये. आठ ग्रॅमला ते ४३ येते, आपल्या २९ पेक्षा बरेच जास्त. त्यातले बरेच पक्षी समशीतोष्ण प्रदेशातले, पिलांना भरवणारे आहेत. शिवाय वेळेवरून काढलेला खर्च छोटी उड्डाणे निसटल्याने कमी पडतो. तुमचा आकडा २० च्या खाली किंवा ४५ च्या वर गेला, तर आधी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐका.

आहार बदलला की खर्च कसा बदलतो

आता हाच तक्ता हलवून बघा. फुलातला मकरंद ३ ऐवजी ६ मायक्रोलिटर झाला तर तेवढीच साखर १.८ तासांत मिळते. वाचलेले १.८ तास बसून काढले की सुमारे २ किलोज्यूल शिल्लक पडतात. पाठलागाचा भाव असाच काढता येतो : बसण्याऐवजी एक मिनिट पाठलाग केला तर ८५ ज्यूल जास्त जातात, म्हणजे नऊ फुले. घुसखोराने नऊपेक्षा जास्त फुले रिकामी केली असती तरच तो पाठलाग परवडतो. म्हणून फुलोरा अगदी विरळ असताना आणि अगदी दाट असतानाही नर हद्द राखणे सोडतो. विरळ असताना राखण्याजोगे काही नसते, दाट असताना घुसखोराने नेलेले जाणवत नाही.

मकरंदाचा पातळपणा दुसरे ओझे आणतो. वरच्या २९ किलोज्यूलसाठी सुमारे १.८ ग्रॅम साखर लागते. २५ ब्रिक्सला ती ६.५ मिलीत मिळते, १८ ला ९.३ मिलीत, १० ब्रिक्सला १७ मिलीपेक्षा जास्त प्यावे लागते, म्हणजे देहाच्या दुप्पट पाणी. पॅलेस्टाईन शिंजिरावरच्या प्रयोगांत दिसले की पिणे वाढले की आतडे पाण्याचा बराच भाग शोषतच नाही, तो थेट बाहेर जातो. मूत्रपिंडावरचा ताण त्यामुळे हलका होतो. दव पडलेल्या सकाळी शिंजीर सारखा पातळ शिटतो, ते यामुळेच.

रिफ्रॅक्टोमीटर साखर किती ते सांगतो, कोणती ते सांगत नाही. शिंजिराला फरक पडत नाही, मैनेला पडतो. मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या आतड्यात सुक्रोज फोडणारे विकर नसते, त्यांना ग्लुकोज-फ्रुक्टोजच उपयोगी. म्हणून हा तक्ता पांगाऱ्यावरच्या मैनेला जसाच्या तसा लावू नका.

फळे खाणाऱ्या पक्ष्यांसाठी खर्चाचा पायाच थोडा खाली धरावा लागतो. ब्रायन मॅकनॅब यांनी १९८० च्या दशकात दाखवले की पायाभूत चयापचय आणि आहार यांचा संबंध आहे, आणि फळांवर जगणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांत तो वजनाच्या मानाने कमी असतो. पुढे २००७ मध्ये पनामातल्या पक्ष्यांवरच्या अभ्यासात उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांचा पायाभूत चयापचय समशीतोष्ण भागातल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के कमी निघाला. म्हणून आपल्या तक्त्यात ताशी ५०० सोबत ४१० ज्यूल धरूनही एकदा बेरीज करा आणि दोन्ही उत्तरे लिहा.

वडावरच्या तांबटाला ही रीत लावायची तर फुलांच्या जागी फळे येतात : मिनिटाला किती गिळली, एकाचा गर किती, वाळवल्यावर किती उरतो. वडाच्या फळात बिया पुष्कळ आणि त्या न पचता बाहेर पडतात, म्हणून वाळवण्याआधी गर आणि बिया वेगळ्या करून तोला. बिया न काढता तोललेले फळ तांबटाच्या खात्यात न पचणाऱ्या बियांची ऊर्जाही जमा दाखवते.